६० हजार रुपये आणि आजोळचं बंद घर

ताई, नमस्कार.

मी २४ वर्षांचा आहे. संगमेश्वर तालुक्यात राहतो, देवरुखला एका पतसंस्थेत कारकून आहे. भुताच्या गोष्टींचं वेड आजीमुळे लागलं. मोबाइलवर दोन छोट्या फिल्म केल्या, गावात सगळ्यांना आवडल्या. आता मोठा भयपट करायचा आहे. माझ्याकडे ६० हजार रुपये साठलेत. आजोळचं कौलारू घर बरीच वर्षं बंद आहे, ते वापरता येईल. दोन मित्र सोबत आहेत. त्यातला एक म्हणतो, पाच लाखांचं पर्सनल लोन काढू, चांगला कॅमेरा घेऊ आणि थेट दोन तासांचा पिक्चर काढू. आई-बाबा म्हणतात, काढायचाच तर काहीतरी चांगलं काढ, हे भुताखेताचं कशाला. नोकरी सोडून मुंबईला जावं असंही मनात येतं. काय करू?

— अ. स.

प्रिय अ. स.,

कर्ज काढू नकोस. पतसंस्थेत बसतोस, म्हणजे हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि चित्रपटाचा पैसा, आलाच तर, दोन-तीन वर्षांनी येतो. मधल्या काळात जामीनदाराच्या घरी फोन जायला लागले की तुम्हा तिघांची मैत्री आणि तुझी पुढची फिल्म, दोन्ही संपतील. शिवाय कर्जाच्या पैशातून केलेला पहिला चित्रपट दिग्दर्शकाला धीट राहू देत नाही. प्रत्येक निर्णय घेताना वसुली डोळ्यासमोर येते.

कॅमेराही विकत घेऊ नकोस. तुझ्या तालुक्यात लग्नाचं शूटिंग करणारे जे फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे आज उत्तम मिररलेस कॅमेरे, दोन-तीन लेन्स, गिंबल (कॅमेरा धरायचा, धक्के न जाणवू देणारा दांडा), एलईडी लाइट सगळं असतं. आषाढी ते कार्तिकी एकादशी लग्नाचे मुहूर्त नसतात. पितृपक्षात तर साखरपुडाही कुणी धरत नाही. त्या दिवसांत हे सामान कपाटात पडून असतं आणि माणूसही मोकळा असतो. त्याच्याकडे जा, दिवसाच्या भाड्याने नको, चार दिवसांचं मिळून बोल, आणि कॅमेऱ्याबरोबर त्यालाही बोलाव. रात्रीची वरात, हलत्या दिव्यातला नवरदेव, लोडशेडिंगमध्ये चाललेली हळद असं सगळं टिपलेला माणूस कमी उजेडाला घाबरत नाही. तुझ्या कामाला असाच माणूस हवा.

तोही न मिळाला तर मोबाइल आहेच. पण मग मोबाइलच्या स्वयंचलित गोष्टी बंद करायला शीक. अंधार दिसला की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि काळं करडं होतं, त्यावर मुंग्यांसारखे दाणे नाचतात. भय तिथेच मरतं. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप मोफत आहे. त्यात एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करता येतो आणि शटरही हाताने ठरवता येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्बखाली शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेव, नाहीतर चित्रात पट्टे लुकलुकतील. फ्रेम रेट सेकंदाला २५ ठेव. संकलनाला डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुला पुरून उरेल.

आता लांबीचं. दोन तासांचा चित्रपट तू आज करू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. १२ मिनिटांची फिल्म कर. ती मोठ्या चित्रपटाच्या वाटेवरची खरी पायरी आहे. मिशिगनमधल्या सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी ‘द ईव्हिल डेड’ हा भयपट करण्याआधी १९७८ मध्ये ‘विदिन द वुड्स’ नावाची साधारण अर्ध्या तासाची फिल्म केली होती. ती दाखवून त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून मोठ्या चित्रपटाचे पैसे गोळा केले. पैसे देणाऱ्याला पटकथा वाचून काही कळत नाही, त्याला दहा मिनिटं बसवून घाबरवलं की कळतं. त्याच पोरांकडे ट्रॉलीला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी कॅमेरा एका लाकडी फळीवर बांधला, दोन्ही टोकांना दोघे धरून जंगलातून पळत सुटले, आणि जंगलातून काहीतरी अंगावर धावून येतंय असं दृश्य जन्माला आलं.

अशा स्वस्त चित्रपटांच्या गोष्टी तू इंटरनेटवर भरपूर वाचल्या असशील. त्यातली एक नीट वाच. ऑरेन पेली हा सॅन दिएगोचा सॉफ्टवेअरवाला. त्याने ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ २००६ मध्ये स्वतःच्या घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये, सात दिवसांत चित्रित केला. २००९ मध्ये तो मोठ्या स्टुडिओने प्रदर्शित केला आणि जगभरात १९ कोटी डॉलरहून जास्त गल्ला झाला. सगळे सात दिवस आणि १५ हजार हे दोनच आकडे सांगतात. त्याआधी पेलीने जवळजवळ वर्षभर ते घर तयार केलं होतं, भिंती रंगवल्या, सामान बदललं, गालिचा घातला, जिन्याला कठडा केला, हे कुणी सांगत नाही. चित्रीकरण आणि प्रदर्शन यांच्यामध्ये तीन वर्षं गेली, आणि जाहिरातीचा पैसा स्टुडिओने ओतला, हेही नाही. तुझ्या हातात स्टुडिओ नाही, पण वर्ष आहे. नोकरी टिकवून, शनिवार-रविवार आजोळी जाऊन वर्षभर तयारी करता येते. मुंबईचं म्हणशील तर आत्ता नको. तिथे खोलीच्या भाड्यात तुझे ६० हजार चार-पाच महिन्यांत संपतील आणि शूटिंगला घर शोधत फिरशील, जे आज तुझ्याकडे आहे.

त्या घराबद्दल एक व्यवहाराची गोष्ट आधीच. आजोळचं घर म्हणजे बहुतेक सामाईक असणार. एका मामाने ‘कर रे’ म्हटलं म्हणून जाऊ नकोस. घरपट्टीला ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची साधी लेखी संमती घे, मुंबई-पुण्यात असतील त्यांचीही. फिल्म चालली तर न विचारलेला मामा हमखास उगवतो. आणि घराचं, गावाचं खरं नाव फिल्ममध्ये वापरू नकोस, ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी खोटी पाटीही लावू नकोस. एखाद्या वास्तूला भुताचं म्हणून नाव पडलं की पुढे तिथे राहणाऱ्याला, ती विकणाऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावं लागतं.

आता माझ्या कामाचं, आवाजाचं. इतकी वर्षं ध्वनीचं काम करत्ये, त्यामुळे पक्षपाती वाटेन, पण भयपटात पहिला रुपया आवाजावर खर्च करायचा असतो. खराब चित्र प्रेक्षक सहन करतो, कधी कधी त्याला ते खरंही वाटतं. खराब आवाज सहन करत नाही. आणि डोळे मिटले तरी कान मिटता येत नाहीत, म्हणून भीती कानावाटे आत शिरते.

तुझ्या आजोळी ओटीवर झोपाळा असेलच. एक रेकॉर्डर भाड्याने घे, फोनला लावायचा बरा माइक मिळाला तरी चालेल, आणि दुपारी सगळीकडे सामसूम असताना त्या झोपाळ्यापाशी बस. रिकामा झोपाळा हलवून सोड. कडी सुटी वाजते, पातळ आवाज येतो, आणि झोका हळूहळू मंदावत थांबतो. मग त्यावर मित्राला बसव. तीच कडी ताणली जाते, आवाज दबका आणि जड होतो, आढ्याचं लाकूडही बोलायला लागतं. दोन्ही आवाज वेगवेगळे टिपून ठेव. आता दृश्य असं धर: सून मागच्या पडवीत भांडी घासत्ये. कॅमेरा तिच्यावरच आहे, ओटी दिसतच नाही. बाहेरून रिकाम्या झोपाळ्याचा आवाज येतो, वारा असेल म्हणून ती लक्ष देत नाही. पण तो मंदावत नाही. वाऱ्याने हललेला झोपाळा मंदावतो, न मंदावणारा कुणीतरी पायाने रेटत असतं. प्रेक्षकाला हे शब्दांत कळणार नाही, पण खेड्यात वाढलेल्या प्रत्येक कानाला हे माहीत असतं. मग आवाज पातळचा जड होतो. तिचे हात थांबतात. इथे तुझा खर्च शून्य आहे आणि भूत दाखवायची गरज पडलेली नाही.

असे आवाज वर्षभर जमव. माळ्यावरच्या फळ्या, रहाट, खुंटीवरून घसरणारी घोंगडी, कौलांवरचा पहिला पाऊस आणि आठव्या दिवशीचा कंटाळवाणा पाऊस, वाऱ्यात माडाची झावळी भिंतीला घासते तो आवाज. प्रत्येक खोलीत काही न बोलता, न हलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संकलनात दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तीच लागते. चित्रीकरणाच्या वेळी पंखे, पंप बंद कर. शेजारच्या घरातला फ्रिज बंद करायला लावलास तर गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही. पावसाळ्यात संवाद जागेवर धड मिळणार नाहीत, कौलांचा आणि बेडकांचा आवाज सगळं गिळतो. मग रात्री एका बंद खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून तेच संवाद पुन्हा बोलून घे. मुळात संवाद कमी लिही.

अंधाराचंही असंच आहे. पूर्ण अंधारात चित्रीकरण करता येत नाही, अंधार तयार करावा लागतो. मागची भिंत किंवा दरवाजाची चौकट किंचित उजळायची आणि माणूस काळा ठेवायचा. चेहऱ्याच्या एकाच बाजूला खिडकीतून उजेड येऊ द्यायचा. रात्रीची बाहेरची दृश्यं शक्य तेवढी तिन्हीसांजेला घ्यायची, सूर्य गेल्यावर आकाशात निळा उजेड उरतो तेव्हा. जेमतेम २० मिनिटं मिळतात, म्हणून तालीम दुपारीच झालेली हवी आणि एका सांजेला एकच दृश्य धरायचं. कॅमेरा न हलवता तिवईवर ठेवायचं धाडस कर. चौकट स्थिर असली की प्रेक्षक आपणच तिचे कोपरे शोधायला लागतो, आणि मागच्या दाराची कडी नुसती सरकली तरी दचकतो.

रक्त शक्यतो टाळ. अगदीच हवं असेल तर केकचं सामान मिळतं त्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर आणि निळ्या रंगाचा अगदी एखादा थेंब घाल. बिटाचा रस वापरू नकोस, तो कॅमेऱ्यात गुलाबी दिसतो. गोडामुळे दहा मिनिटांत मुंगळे येतात, तेव्हा हे दृश्य दिवसाचं शेवटचं ठेव आणि ज्याच्या अंगावर आहे त्याला लगेच आंघोळीचं गरम पाणी तयार ठेव. मुखवट्याचंही डोक्यात घेऊ नकोस. १९७८ च्या ‘हॅलोवीन’मधल्या खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा साधा मुखवटा होता. त्याला पांढरा रंग दिला, भुवया काढल्या, केस विस्कटले. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नाही, म्हणून तो भयंकर वाटतो.

तुझे आई-बाबा जे म्हणतात त्याकडे मी टाळाटाळ करणार नाही. भयपट ही हलकी गोष्ट आहे असं त्यांना वाटतं, पण तुझ्या आजीने ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत कोण कोण होतं ते आठव. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर. बाळंतपणात गेली, ती हडळ किंवा अलवंतीण. आपल्या गावातली भुतं बहुतेक अशी आहेत, ज्यांचं काहीतरी राहून गेलं किंवा ज्यांच्यावर अन्याय झाला. वैद्य वेळेवर आला नाही म्हणून गेलेल्या बाईला गावाने पुढे शंभर वर्षं भ्यायचं, हे किती भयंकर आहे! तिथून लिही. तिची गोष्ट सांग, म्हणजे घाबरलेला माणूस घरी जाताना अस्वस्थही होईल. आई-बाबांना असली पटकथा वाचून दाखव, त्यांचं मत बदलेल असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूला काय करायचं नाही तेही सांगते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला, विधवेला, अपंगाला किंवा एखाद्या जातीच्या वस्तीला करणीवाले ठरवून गोष्ट लिहू नकोस. आपल्या राज्यात डाकीण ठरवून बायांना मारहाण झाली आहे, म्हणून तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि त्यासाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. भूत दाखव, खुशाल दाखव. पण एखाद्या जिवंत बाईकडे गाव संशयाने बघायला लागेल असं काही तुझ्या हातून होऊ नये. आणि शेवटी मांत्रिक येऊन सगळं निस्तरतो हा शेवट तर नकोच, तो आळसही आहे.

तुझ्या बजेटला चकवा मला फार योग्य वाटतो, बघ पटतंय का. रात्री माणूस वाट चुकतो आणि फिरून फिरून त्याच बांधावर येतो. चकव्याला मेकअप लागत नाही, कपडेपट लागत नाही. एक वळण, एक गडगा, एक वाकडं काजूचं झाड, आणि तिसऱ्यांदा तिथे आल्यावर त्या झाडाखाली आधी नसलेली एक गोष्ट, बस. जागा हाच सेट कसा होतो हे पाहायचं तर विशाल फुरियाचा २०१७ चा ‘लपाछपी’ पाहा. त्यातला उसाचा फड आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो, पण त्यात हरवल्यावर काय होईल हा विचार कुणी केलेला नसतो. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला, म्हणजे मराठी शेतातली भीती बाहेरच्यांनाही लागते.

नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांची एखादी कथा घेऊ का, असा विचार तुझ्या मनात येणारच. वाच सगळं, पण परवानगीशिवाय घेऊ नकोस. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. धारप २००८ मध्ये गेले, मतकरी २०२० मध्ये. आजीची गोष्ट मात्र तुझीच आहे. तिचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करून ठेव, ती असेल तर.

नटांसाठी लांब जाऊ नकोस. तुमच्या भागात नमन, जाखडी या लोककला आहेत, रत्नागिरी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था आहेत. ही माणसं रात्र रात्र जागून काम करतात आणि अंगात शिस्त असते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, ती मात्र उतरवावी लागेल. त्यासाठी चार तालमी जास्त घे, कॅमेरा त्यांच्या तोंडापाशी ठेवून. नमनातल्या संकासुराचा वेष किंवा देवाच्या पालखीशी जोडलेलं काही वापरायचं असेल तर आधी गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचार, आणि नको म्हणाले तर सोडून दे.

आणि कुणालाही खरंखुरं घाबरवून अभिनय काढून घेऊ नकोस. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चं उदाहरण तुला कुणीतरी देईल: तीन नटांना मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस ठेवलं, हातात कॅमेरे दिले, रोज जेवण थोडं थोडं कमी केलं. चित्रपट १९९९ मध्ये आला, २४ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. पण त्याच तिघांना २०२४ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी, आपल्या हक्काच्या मोबदल्यासाठी जाहीर पत्र लिहावं लागलं. हा चित्रपट मला आवडतो, त्याचा आवाज तर मी शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकलाय. तरी उपाशी ठेवून मिळालेल्या अभिनयाचं मला कौतुक वाटत नाही. तुझ्या सेटवर तिन्ही वेळचं गरम जेवण असू दे. ६० हजारांतला मोठा वाटा जेवण, चहा आणि जाण्यायेण्यात गेला तर तो योग्य जागी गेला असं समज. माणशी दिवसाला ३०० रुपये धरलेस तर आठ जणांचे चार दिवसांचे साडेनऊ हजारांच्या आसपास होतात. तेवढेच कॅमेरा आणि दिव्यांसाठी ठेव, त्याहून थोडे कमी ध्वनीसाठी, थोडं मानधन प्रत्येकाला दे, अगदी मित्रांनाही, आणि १५ हजारांना शेवटपर्यंत हात लावू नकोस. चित्रीकरण संपल्यावर पैसे संपलेले असतात, आणि अर्धवट फिल्मा तिथेच हार्ड डिस्कवर पडून राहतात. हार्ड डिस्कवरून आठवलं, रोज रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत घ्यायची आणि दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत.

रात्री शूटिंग असेल तेव्हा ग्रामपंचायतीला आणि पोलिस ठाण्याला आधी पत्र दे, पोलिस पाटलांना स्वतः भेट, वाडीत सगळ्यांना सांग. हे मी कागदोपत्री उपचार म्हणून सांगत नाही. पांढऱ्या लुगड्यातली बाई अचानक दिसली तर दुचाकीवाला खड्ड्यात जाईल. आणि अनोळखी माणसं रात्री फिरताना दिसली की अफवा किती लवकर पसरते हे आपण २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाहिलंय, पाच निरपराध माणसं मुलं पळवणारी समजून मारली गेली. विहिरीच्या काठावर, माळ्यावर, जुन्या वायरिंगवर दिवसा उजेडी नीट तपासणी झाल्याशिवाय कुणाला उभं करू नकोस. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे हे विचारून ठेव आणि एक गाडी रात्रभर दारात असू दे. घुबड, साप, मांजर यांचा नाद सोड. वन्य प्राण्याला पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि पाळीव प्राण्यासाठीही प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. घुबडाचा नुसता आवाज पुरतो.

आता कागद. तुम्ही तिघे पैसे घालणार असाल तर पहिल्या दिवसाआधी एका पानावर लिहा: निर्माता कोण, कुणाचे किती, पैसे आले तर वाटणी कशी, कुणी मध्येच सोडलं तर काय. आपल्या कायद्यात चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. कॅमेऱ्यामागे तू असशील, पण निर्माता म्हणून मित्राचं नाव गेलं तर फिल्म त्याची. कागदाच्या एका चुकीने काय होतं ते जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं झालं. १९६८ मध्ये प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने लागणारी स्वामित्वाची ओळ राहून गेली. चित्रपट सगळ्यांचा झाला. ज्याने त्याने तो दाखवला, विकला, आणि करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. भारतात नोंदणी न करताही हक्क मिळतो, तेवढी काळजी नको, पण आपसातला कागद हवाच. मागे रेडिओवर वाजणारं सिनेमातलं गाणंही विनापरवाना घेऊ नकोस. रामरक्षा जुनी आहे, पण कॅसेटवर जिने म्हटली ते ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं आहे, तेव्हा तुझ्या आईकडून म्हणून घे.

फिल्म झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नकोस. बरेच महोत्सव आधी कुठे न दाखवलेली फिल्म मागतात. फिल्मफ्रीवे या वेबसाइटवर अर्ज करता येतात, शुल्क बरेचदा डॉलरमध्ये असतं म्हणून पाच-सहाच निवड, नियम वाचून. भयपटांसाठी स्पेनमधल्या कॅटलोनियातला सिच्चेसचा महोत्सव १९६८ पासून चालतोय, मॉन्ट्रिअलला फँटेशिया आहे. इथे जवळ पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत लघुपटांना जागा असते. इंग्रजी सबटायटल चांगल्या माणसाकडून करून घे, तुझ्या बोलीचा ठसका त्यात थोडा तरी राहिला पाहिजे. महोत्सवांचं वर्ष संपलं की मग खुशाल यूट्यूबवर टाक. ऑनलाइनसाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरात लावायचं ठरलं तर लागेल.

मधल्या काळात शिकायची भूक असेल तर पुण्यात एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेचे छोटे अभ्यासक्रम असतात, रजा टाकून करता येण्यासारखे. आणि रामसे बंधूंबद्दल वाच. त्यांच्याच १९७० च्या एका चित्रपटात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात. तो चित्रपट पडला, पण लोक तेवढंच दृश्य पाहायला येत होते, हे त्या घराने थिएटरात जाऊन पाहिलं आणि १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ केला. महाबळेश्वरला सगळं कुटुंब घेऊन गेले, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी लेखन, घरच्या बायका स्वयंपाकाला. त्या स्वयंपाक करणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत यायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. तुझ्या फिल्मच्या शेवटी जेवण करणाऱ्या मावशींचं नाव मोठ्या अक्षरात घाल.

पटकथा १२ पानांच्या आत बसव, साधारण एका पानाला एक मिनिट धरतात. पहिली प्रत झाली की मला पाठव, झोपाळ्याचे दोन्ही आवाजही सोबत पाठव. मी दोन्ही ऐकून, वाचून सविस्तर कळवेन.

— ताई